वीसच्या स्पीडला डुलणारं चाक

पुढचं चाक बिघडलं की स्टिअरिंग सांगतं, मागचं बिघडलं की सीट सांगते. आमच्या पिकअपची तक्रार सीटकडूनच आली, आणि तीही रिकाम्या गाडीत. नारायणगावहून टोमॅटो भरून निघालं की आळेफाटा, ओतूर, मढ करत माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशीपर्यंत गाडी बऱ्यापैकी गुण्यागोविंदानं जायची. परतीला मागे नुसते रिकामे क्रेट असले, की मुरबाड सोडल्यावर टोकावड्याच्या आसपास, खड्डे चुकवत सावकाश चालताना कंबर डावी-उजवी, डावी-उजवी हलायला लागायची. धक्का म्हणावा तर धक्का नाही, थरथर म्हणावी तर तीही नाही. गाडीचं बूड डुलत होतं. स्टिअरिंग मात्र हातात एकदम स्थिर.

गाडी चुलतभाऊ चालवतो. मी शेती आणि हिशोब बघतो, हंगामात अधूनमधून त्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्याचं म्हणणं, “दादा, माल भरला की बसतं ते. टेन्शन नको घेऊ.” बसत होतं हे खरं. पण दीड टन ओझं पाट्यांवर, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगांवर, आलं की बॉडी जड होते, आणि चाकाची तीच हालचाल तिला तेवढं हलवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाक खाली तितकंच वाकडं फिरत असतं, वरून दीड टन घेऊन. म्हणजे ज्या फेरीत आपल्याला बरं वाटतं, त्याच फेरीत त्या चाकावर सगळ्यात जास्त मार बसत असतो.

सल्ले सुरू झाले. पहिला अर्थातच बॅलन्सिंग. हायवेच्या टायरवाल्या पोरानं चारही चाकं मशीनवर चढवली. मागच्या डाव्यात साठेक ग्रॅमचा फरक निघाला. शिशाचे तुकडे ठोकून त्यानं दोन्ही बाजूंचे आकडे शून्यावर आणले आणि मला स्क्रीन दाखवली. “बघा दादा, झीरो-झीरो.” पैसे दिले, गाडी बाहेर काढली, आणि पहिल्या स्पीडब्रेकरनंतर तिसऱ्या गिअरमध्ये बूड पुन्हा डुलायला लागलं. परत गेलो तर म्हणाला, मागचे टायर रिमोल्ड (झिजल्यावर रबराचा नवा पट्टा चढवलेले) आहेत, दोन्ही नवे टाका. त्याच्याकडे टायर होते, म्हणून त्याला टायर दिसले. पुढे पाटेवाल्याला पाटे दिसले आणि शाफ्टवाल्याला शाफ्ट. यात कुणाची लबाडी होती असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाकडे एकच मशीन असतं आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, कारण बॅलन्सिंगवरच माझं मन बसेना. आमचा टायर 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 75 टक्के, आणि रिम 15 इंची. सगळं मिळून व्यास साधारण 70 सेंटिमीटर येतो आणि घेर 2.2 मीटर. ताशी 20 किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदाला अडीच फेरे. 60 च्या स्पीडला साडेसात. आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी मागे नेणारा दांडा. तो डिफरन्शिअलच्या (ती फिरकी दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या) अलीकडे असल्यामुळे चाकाच्या चौपटीहून थोडा जास्तच फिरतो, म्हणजे 20 ला सेकंदाला दहा-अकरा फेरे आणि 60 ला तीसच्या वर. सेकंदाला तीस वेळा जे हलतं ते अंगाला डुलणं म्हणून कळतच नाही. ती गुणगुण असते, पायाखालच्या पत्र्यात जाणवते, आरसा धूसर करते. आमचं डुलणं तर मी मनात मोजू शकत होतो: एक-दोन, एक-दोन. ते चाकाच्याच फेऱ्याशी जुळत होतं. शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग तिथल्या तिथे संशयितांतून बाहेर. इंजिन तर आधीच बाहेर होतं, कारण उतारावर न्यूट्रल करून इंजिन नुसतं भुरभुरत ठेवलं तरी फरक पडत नव्हता.

राहिलं बॅलन्सिंग. असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट, तर जोर सोळापट. रिमच्या कडेला 60 ग्रॅम कमीजास्त असतील तर 80 च्या स्पीडला ते चाकाला साधारण पाच किलोचा हिसका देतात. 20 च्या स्पीडला तोच हिसका तीनशे ग्रॅमचा उरतो. तीनशे ग्रॅमच्या ओढीनं पिकअपचं बूड हलतं यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. बॅलन्सिंगचा दोष 70-80 च्या पुढे बोलायला लागतो. वीसला डुलतंय याचा अर्थ काहीतरी आकारानं वाकडं आहे किंवा सैल आहे. बॅलन्सिंगचं मशीन त्याच्या डोक्यावर शिसं ठोकून वजन जुळवतं, वाकडेपण तसंच ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट रिकामं झाल्यावर सपाट काँक्रीटवर गाडी घेतली. मागच्या दोन्ही टायरांवर, वरपासून खालपर्यंत, खडूची एकेक जाड रेघ मारली. भावाला सांगितलं, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच न करता सरळ ने, पाय काढून. मी मोबाइल जमिनीपासून वीतभर वर धरून मागून चालत स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. मग सावलीत बसून तो थांबवत-थांबवत बघितला. उजवं चाक सरळ. डावं चाक फिरताना त्याची वरची कड मडगार्डच्या आत जायची, मग बाहेर यायची; आणि प्रत्येक वेळी बाहेर आली की खडूची रेघ जवळपास त्याच जागी. फेऱ्याला एकदा, न चुकता. भाऊ वाकून बघत होता. म्हणाला, “आयला, हे तर खरंच नाचतंय.” तोपर्यंत त्याच्या लेखी हा माझ्या कंबरेचा आजार होता.

घरी अंगणात गाडी लावली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हौसिंगच्या (मागच्या एक्सलच्या लोखंडी कवचाच्या) दोन्ही टोकांखाली लोखंडी घोड्या, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे लोक मी बघितलेत. मी घालत नाही. दोन्ही मागची चाकं हवेत असली की एक हातानं फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं. ते डिफरन्शिअलचं काम, त्यानं दचकायचं कारण नाही.

आधी सैल काय आहे ते पाहिलं. चाकाला वरून आणि खालून धरून हलवलं. बेअरिंग गेलेलं असतं तर इथे खडखड लागली असती, आणि रस्त्यावर घूं-घूं आवाजही आला असता, वळणावर ओझं एका बाजूला गेलं की तो बदलतोही. खडखड नव्हती, आवाजही कधी आला नव्हता. मग पाटे. हौसिंग पाट्यांना आवळणाऱ्या डाव्या बाजूच्या यू-बोल्टच्या नटाशी गंजाची लाल, ओघळलेली रेघ होती. घट्ट आवळलेल्या जागी असा ताजा गंज सहसा झरत नाही. तिथे काहीतरी घासतंय, म्हणजे बोल्ट थोडे सैल आहेत. पण सैल यू-बोल्टनं हौसिंग पाट्यावर सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. चाक फेऱ्याला एकदा आत-बाहेर होत नाही. तरी खात्री म्हणून दोरी घेतली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजलं. सारखं भरलं. सेंटर बोल्ट शाबूत होता.

आता वाकडेपण. डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापाचं साधन, घरी नव्हता. चार विटा रचल्या, वर एक लांब स्क्रू-ड्रायव्हर तारेनं आवळून बांधला, त्याचं टोक रिमच्या कडेपासून एवढंसं लांब ठेवलं की मधून एक पोस्टकार्ड जाईल. चाक हळूहळू फिरवायचं आणि फट बघायची. उजवीकडे ती जराशी कमी-जास्त झाली, मिलिमीटरभर असेल. एवढं कुठल्याही वापरातल्या लोखंडी रिमला असतंच. डावीकडे टोक एका जागी रिमला खर्रकन घासलं आणि अर्धा फेरा झाल्यावर फट एवढी उघडली की करंगळीचं नख सहज आत जावं. टायरच्या खांद्याशी तेच मोजलं तर चार मिलिमीटरच्या वर. वर-खाली मात्र चाक गोल होतं. म्हणजे टायरला गाठ आलेली नव्हती. रिमोल्ड टायरचा पट्टा आतून सुटला की तो एका जागी फुगतो, हाताच्या तळव्यालाही लागतो. बिचारे रिमोल्ड उगाच बदनाम झाले होते.

इथे बहुतेक जण रिम बदलतात. मीही बदलली, पण फक्त तिची जागा, तपासण्यासाठी. त्या जागेला दुसरं चाक लावून बघणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय. त्याहून नेमका एक उपाय आहे, आणि तो फुकट आहे. डावीकडच्या एका स्टडला (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या बोल्टला) पांढरा ऑइलपेंट लावला. चाक ज्या जागी सगळ्यात बाहेर येत होतं तिथे रिमवर खडूनं फुली मारली. ती नेमकी पांढऱ्या स्टडच्या समोर होती. मग नट काढून चाक उतरवलं आणि दोन भोकं पुढे सरकवून परत बसवलं. नट समोरासमोरच्या क्रमानं, थोडे थोडे करत आवळले. आता पुन्हा फिरवायचं आणि बघायचं की बाहेर येणारी जागा फुलीबरोबर गेली की पांढऱ्या स्टडबरोबर राहिली. फुलीबरोबर गेली तर दोष रिमचा किंवा टायरचा. स्टडबरोबर राहिली तर रिमच्या आतल्या कशाचा तरी.

राहिली. फुली दोन भोकं पलीकडे गेली होती आणि चाक अजून पांढऱ्या स्टडपाशीच बाहेर येत होतं.

यानंतरचं काम घरचं नव्हतं. आळेफाट्याला एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. गाडी रिकामीच, चाळिसाच्या आत हाकत तिकडे नेली. मी व्हिडिओ दाखवला, पांढरा स्टड दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुम्ही अर्धं काम केलंय. उरलेलं अर्धं तीन पातळ्यांत असतं. रिम ड्रमवर बसते, ड्रम एक्सलच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर, बसतो. मधे गंजाची एक खपली राहिली तरी चाक वाकडं होतं.” हे मला नवीन होतं. चाक हबच्या मध्याजवळ एवढ्याशा वर्तुळात टेकतं आणि टायरची कड त्याच्यापासून कितीतरी दूर. फ्लँजच्या कडेला, मध्यापासून साडेसात सेंटिमीटरवर, जेवढी चूक असेल, ती टायरच्या खांद्यापाशी, चौतीस सेंटिमीटरवर, साडेचारपट होऊन बाहेर पडते. पंक्चर काढताना चिखलासकट चाक परत ठोकून बसवतात, त्याचा परिणाम किती लांब जातो ते यावरून बघा.

अण्णांनी ड्रम काढला. आत ब्रेकचे बूट काळे, ओलसर. वास घेतला तर डिफरन्शिअलमधल्या नव्वद नंबरच्या ऑइलचा. एक्सलचं ऑइल सील गळत होतं. म्हणजे डावा ब्रेकही गेले काही दिवस अर्धाच लागत असणार, आणि ओल्या रस्त्याला माळशेजच्या उतारावर ते आम्हाला कळलं नाही ही नशिबाची गोष्ट. तिथेच त्यांनी हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं तोंड, काढून फुंकून बघितला. तो मातीनं बुजला की आतलं ऑइल तापून फुगतं आणि सीलमधून वाट काढतं. ब्रीदर मोकळा होता. “सील आपोआप नाही गेलं,” ते म्हणाले, “एक्सल आत तिरका ओढला जातोय, त्यानं खाल्लंय.”

फ्लँजचा चेहरा तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासला. ड्रमचाही. मग त्यांनी चुंबकाच्या बुडाचा डायल गेज बॅकप्लेटला (ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीला) चिकटवला, काट्याचं टोक फ्लँजच्या कडेजवळ, स्टडच्या बाहेर टेकवलं आणि मला म्हणाले, “फिरवा, पण एकाच दिशेनं. मागे-पुढे करू नका.” कारण मागे-पुढे केलं की बेअरिंगमधली किंचित फट काट्यात मिसळते. मी फिरवत गेलो. काटा शून्यापासून निघाला आणि पांढऱ्या स्टडपाशी नव्वदवर जाऊन परत फिरला. त्या गेजचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. म्हणजे फ्लँज 0.9 मिलिमीटर वाकडी. गुणिले साडेचार. अंगणात विटांवर जे चार मिलिमीटर दिसले होते, ते इथे जुळले. खरं सांगतो, त्या क्षणी टोमॅटोला चांगला भाव मिळाल्यासारखा आनंद झाला. उजवीकडे तोच गेज लावला, तिथे काटा आठ-नऊ भागांच्या वर गेला नाही.

फ्लँजच वाकलीय की अख्खा एक्सल, हे कळायला तो बाहेर काढावा लागतो. बॅकप्लेटचे चार नट उतरवले, पण बेअरिंग हौसिंगमध्ये घट्ट रुतलेलं. त्यासाठी अण्णांनी केलेली युक्ती बघण्यासारखी होती. काढलेला ड्रम त्यांनी उलटा, तोंड बाहेर करून स्टडवर अडकवला, आणि नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवरच ठेवले. मग ड्रम दोन्ही हातांनी आत ढकलून झटक्यानं बाहेर ओढला. ड्रम नटांवर आपटतो आणि तो हिसका सरळ एक्सलला जातो. खण्ण. खण्ण. एक्सल बोटभर बाहेर आला, मग सुटा झाला, पाठोपाठ ऑइलची धार. खाली परात ठेवलेली होतीच.

शेजारच्या लेथवाल्यानं एक्सल दोन सेंटरांच्या मधे धरून फिरवला. दांडा सरळ. फ्लँज मात्र डोळ्यांना दिसेल एवढी डुलत होती. तो लगेच म्हणाला, “एक कट मारून चेहरा सरळ करून देतो, दहा मिनिटांचं काम.” भाऊ खूश. मला तो मार्ग पटला नाही, आणि अण्णांनाही नाही. वाकलेल्या लोखंडावरून एक थर तासला की चेहरा सरळ दिसतो, पण स्टडची भोकं तिरकीच राहतात, आणि वाकताना मुळाशी जे काही झालं असेल ते तसंच आत राहतं. ते काय झालंय हे आधी बघा, असं अण्णा म्हणाले.

बघण्याची पद्धत अशी. एक्सल डिझेलनं धुतला. मग फ्लँज आणि दांडा जिथे जुळतात त्या गोलाईवर रॉकेलमध्ये पातळ केलेलं ऑइल फासून तसंच अर्धा तास ठेवलं. चहा झाला. नंतर फडक्यानं कोरडं ठणठणीत पुसलं आणि त्या जागेवर खडूची पूड चोळली. पांढरी शुभ्र गोलाई. एक्सल उभा धरून त्यांनी हातोडीनं फ्लँजवर हलके ठोके मारले. काही क्षण काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक केसाएवढी ओली रेघ उमटायला लागली, पांढऱ्या स्टडच्या बाजूला, गोलाईलाच धरून, इंचभर लांब. भेगेत शिरलेलं ऑइल खडूनं ओढून बाहेर आणलं होतं. ही काही गावठी शक्कल नाही. नवी साधनं येण्यापूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत चाकं आणि आस अशाच तेल-खडूनं तपासायचे.

लेथवाल्यानं पुन्हा कटाचं नाव काढलं नाही.

ही रेघ दुसऱ्या कुठल्या भागावर असती तर एवढं बिचकायचं कारण नव्हतं. मोठ्या ट्रकांमध्ये चाकाचं हब हौसिंगच्या नळीवर स्वतःच्या दोन बेअरिंगांवर बसतं आणि एक्सल फक्त फिरवण्याचं काम करतो. तिथे एक्सल तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण चाक जागेवर राहतं. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये, आणि आमच्या या जुन्या पिकअपमध्येही, एक्सलच चाक फिरवतो आणि एक्सलच ओझं पेलतो. तो फ्लँजपाशी तुटला तर फ्लँज, ड्रम आणि चाक तिन्ही मिळून गाडीतून निघून जातात. त्यात ब्रेकही त्याच ड्रममधला. माळशेजच्या वळणांवर, पावसात, पाठीमागे दीड टन टोमॅटो. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याला आठवलं, की शिळफाट्याला एका कंटेनरला चुकवताना मागचं डावं चाक दुभाजकाला बाजूनं जोरात लागलं होतं. टायर फुटला नाही म्हणून विषय तिथेच संपलेला. खड्ड्यात चाक वरून आपटतं, ते पाटे झेलतात. बाजूनं बसलेला मार झेलायला मात्र कुणी नसतं, तो रिममधून सरळ फ्लँजवर जातो. अण्णांच्या मते वाकण्याचं काम त्या एका धक्क्यानं केलं, आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला एक्सल मुळाशी तिरका ओढला जाऊन रेघ हळूहळू सरकत गेली. ज्या फेऱ्यांत “माल भरला की बसतं” असं आम्ही म्हणत होतो, त्याच फेऱ्यांत.

नवा एक्सल पुण्याहून नाना पेठेतून आणला. जुना पोत्यात गुंडाळून बरोबर नेला होता, कारण डावा-उजवा लांबीला वेगळा असू शकतो आणि एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना दात्यांची संख्या वेगळी निघते. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून लांबी, दाते, स्टडच्या भोकांमधलं अंतर, बेअरिंगच्या जागेची जाडी, सगळं ताडून घेतलं. एक स्वस्त माल त्यानं आधी दाखवला होता. त्याच्या गोलाईवर लेथच्या चऱ्या बोटाला लागत होत्या. नेमक्या त्याच जागी जुन्याला भेग गेली होती, तेव्हा तो परत ठेवायला लावला.

बसवताना एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. जुन्या बेअरिंगचं कडं ग्राइंडरनं कापून छिन्नीनं फोडतात आणि फेकून देतात. नवं कडं आणि बेअरिंग प्रेसवर दाबून चढतं. एकदा चढलं की परत कापल्याशिवाय निघत नाही. म्हणून क्रम: आधी धरून ठेवणारी पट्टी, मग सील, मग बेअरिंग, मग कडं. अण्णांचा पोऱ्या बेअरिंग हातात घेऊन प्रेसकडे निघालाच होता, पट्टी टेबलावर तशीच. अण्णा नुसतं “पट्टी” म्हणाले. त्यांच्या आवाजावरून हे पूर्वी घडलेलं असावं. ब्रेकचे बूट दोन्ही बाजूंचे नवे टाकले. ऑइल प्यालेले बूट पेट्रोलनं धुऊन वापरतात, पण तापले की ते ऑइल पुन्हा वर येतं, आणि एकाच बाजूला नवे टाकले की ब्रेक ओढतो. डिफरन्शिअलला नवं ऑइल, फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत.

चाक चढवण्याआधी डायल गेज पुन्हा लावला. मीच फिरवलं. काटा सहा-सात भागांत गेला आणि आला. त्याच टायरनं, त्याच रिमनं, त्याच रिमोल्डनं ओतूरपर्यंत चक्कर मारली. 20, 30, 40, मग मोकळ्या रस्त्याला 70. सत्तरला एक बारीकशी थरथर होती. आता बॅलन्सिंगला अर्थ होता; टायरवाल्या पोराकडे जाऊन करून घेतलं. त्याला व्हिडिओ दाखवला, त्यानं तो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

उजवीकडचा एक्सलही त्याच दिवशी उपसून तेल-खडू लावून पाहिला होता. खडू कोरडा राहिला, सील तेवढं नवं टाकलं. डावीकडचे यू-बोल्टही नवे बसवलेत. माल भरून गाडी एकदा घाट उतरून आली की पाटे दबून बसतात आणि नवे यू-बोल्ट थोडे ढिले पडतात, म्हणून पाना सीटमागेच ठेवलाय. वाशीहून आल्यावर ते आणि चाकांचे नट पुन्हा आवळायचेत.